डाव समजून घेताना – लेखांक ९ : २४ विजय, शून्य पराभव

मागच्या लेखांकात पिचरचं काम पाहिलं. क्रिकेटच्या बोलरसारखी त्याला षटकांची मर्यादा नाही. दम आहे तोवर चेंडू त्याच्याच हातात. त्याची किंमत खांदा आणि कोपर मोजतात, म्हणून जपानमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारण आठवड्यातून एकदाच उतरतो. मग उरलेले सामने बाकावर बसून बघणारा माणूस संघाचं नशीब कसं पालटणार?

राकुतेन ईगल्सचं उदाहरण घेऊ. २००४ साली दोन संघांचं विलीनीकरण झालं, त्यावरून खेळाडूंनी जपानी व्यावसायिक बेसबॉलमधला पहिला संप केला, आणि रिकाम्या झालेल्या जागी ईशान्य जपानमधल्या सेंदाईत हा नवा संघ आला. विलीन झालेल्या संघाने हवे ते खेळाडू ठेवून घेतले. राकुतेनच्या वाट्याला उरलेसुरले. २००५ च्या पहिल्या हंगामातला दुसराच सामना ०-२६ असा गेला. वर्षअखेरीला ३८ विजय, ९७ पराभव.

२००६ मध्ये शाळकरी खेळाडूंच्या निवडीत मासाहिरो तानाका अनेकांना हवा होता. चिठ्ठी राकुतेनची निघाली. त्याचा स्प्लिटर हा चेंडू फलंदाजाला आधी वेगवान सरळ चेंडूच वाटतो. बॅट फिरवून झाली की कळतं, चेंडू खाली बसला. पहिल्याच वर्षी ११ सामने जिंकून तो सर्वोत्तम नवोदित ठरला.

पण एकट्याने काय होतं? ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीत सेंदाईच्या स्टेडियमचंही नुकसान झालं. त्या वर्षी तानाकाने १९ सामने जिंकले, दर नऊ इनिंगमागे सरासरी १.२७ धावा दिल्या, आणि संघ सहांत पाचवा आला! धावा काढणारं कोणी नसेल तर पिचर बिचारा काय करील?

२०१३ साली ती उणीव भरून निघाली. केसी मॅकगीने २८ आणि अँड्रू जोन्सने २६ होमरन मारले. ताकाहिरो नोरिमोतो या नवख्या पिचरने १५ सामने जिंकले. तानाकाची सरासरी पुन्हा १.२७, पण यंदा साखळी सामन्यांत २४ विजय आणि एकही पराभव नाही. हे पूर्वी कधी घडलं नव्हतं. संघाचा हिशेब ८२ विजय, ५९ पराभव. त्यातले तानाकाचे २४ वजा करा : ५८-५९. म्हणजे त्याच्यावाचून हा जेमतेम मधल्या फळीतला संघ.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा आकडा. २७ सामन्यांची सुरुवात करत त्याने वर्षभरात २१२ इनिंग टाकल्या, म्हणजे सामन्याला जवळपास आठ. तो खेळणार त्या दिवशी राखीव पिचरांना फारसं काम उरत नसे. दुसऱ्या दिवशी ते ताजेतवाने. बाकावर बसूनही तो संघाच्या कामी येत होता तो असा.

अंतिम मालिका योमिउरी जायंट्सशी, सात सामन्यांची. २ नोव्हेंबरला सहाव्या सामन्यात तानाकाने १६० चेंडू टाकले आणि वर्षातला पहिला पराभव पत्करला. दुसऱ्या दिवशी सेंदाईत पाऊस. सातव्या सामन्यात राकुतेन ३-० ने पुढे, नववी इनिंग, आणि प्रशिक्षक सेनिची होशिनो यांनी पंचांना नाव सांगितलं : तानाका. प्रेक्षक त्याचं नेहमीचं गाणं गाऊ लागले. त्याला दोन फटके बसले, पण पंधराव्या चेंडूवर शेवटचा फलंदाज स्ट्राइकआउट झाला. राकुतेनचं पहिलं अजिंक्यपद.

हा निर्णय मला रुचत नाही. काल १६० चेंडू टाकलेल्या हाताला आज पुन्हा जुंपायचं, याला शौर्य म्हणणं सोपं आहे. पुढच्या जुलैत न्यूयॉर्क यांकीजकडून खेळताना त्याच्या कोपराचा अस्थिबंध अंशतः फाटला. त्याचा या सामन्याशी थेट संबंध सिद्ध करता येणार नाही, एवढं खरं.

यांकीजने त्याच्याशी सात वर्षांसाठी १५.५ कोटी डॉलरचा करार केला होता. इकडे २०१४ च्या हंगामात गतविजेते राकुतेन शेवटच्या, सहाव्या क्रमांकावर राहिले.