दहापैकी किती?

पेशंट शुद्धीवर आला की भूल देणाऱ्या डॉक्टरचं काम संपलं, असं लोक समजतात. माझी खरी परीक्षा तिथून पुढे. रिकव्हरीत कॉटजवळ जाऊन मी विचारते, "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सोसवेना. किती दुखतंय?" सरळ आकडा क्वचितच येतो. "ठणकतंय", "भगभगतंय", "आतून ओढ बसतेय" असं येतं, आणि मला तेच जास्त उपयोगी पडतं. भगभग बहुतेक वरच्या जखमेची, ओढ आतली. आकडा केसपेपरसाठी.

त्या दुपारी शेजारशेजारच्या कॉटवर दोघं होती, दोघांचंही पित्ताशय दुर्बिणीतून काढलेलं. पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळे दोघांचाही उजवा खांदा धरलेला. औषधं तीच, डोस वजनाप्रमाणे. काका म्हणाले, तीन. पस्तिशीतली ताई म्हणाली, सात.

"बायकांचं जरा जास्तच असतं," सिस्टर पुटपुटल्या. लादी पुसता पुसता मावशी म्हणाल्या, "दोन बाळंतपणं काढलीत तिनं, तिला काय याचं!" दोन निदानं एकमेकांच्या उलट, पण दोन्हींतून निघणारा उपाय एकच: इंजेक्शन द्यायची घाई नको.

शरीराचा हिशेब वेगळा असतो. इस्ट्रोजेन दोन्हीकडून खेळतं. कुठे वेदनेची तार ताणतं, कुठे शरीरातल्याच अफूसारख्या रसायनांना बळ देतं. प्रसूती जवळ आली की उंदराच्या मादीला दुखणं कमी जाणवतं आणि ते या रसायनांमुळेच, हे ॲलन गिंट्झलर यांनी 1980 मध्ये दाखवलं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले जेफ्री मोगिल आणि त्यांचे सहकारी 2015 मध्ये आणखी पुढे गेले. नस दुखावलेल्या नर उंदरांत वेदना चालू ठेवतात त्या मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया पेशी. माद्यांत ते काम बहुधा टी पेशींकडे असतं. त्याच माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर त्या नरांच्या वाटेनं जातात! मोगिल यांनीच 2005 मध्ये 'पेन' या नियतकालिकाची मागची दहा वर्षं चाळली होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांपैकी 79 टक्के फक्त नरांवर केलेले निघाले. म्हणजे वेदनेबद्दल मी जे शिकले, ते बरंचसं या नरांकडूनच.

पाळीच्या कुठल्या दिवशी ऑपरेशन केलं तर कमी दुखेल, यावर माणसांवरच्या अभ्यासांचे निकाल जुळत नाहीत. त्यामुळे तारखा बघून ऑपरेशनं लावा, असं मी म्हणणार नाही. पण शेवटच्या पाळीची तारीख आम्ही केसपेपरवर लिहितो ती पोटात बाळ नाही ना एवढंच बघायला, हे मला खटकतं.

ताईला मी आणखी एक डोस दिला. अर्ध्या तासानं ती म्हणाली, चार. दुसऱ्या दिवशी राउंडला हळूच म्हणाली, "मॅडम, सिस्टर रागावतील म्हणून मी काल आधी पाचच सांगणार होते."

तुम्हाला कधी कुणी विचारलं, तर खरा आकडा सांगा. पुढचा डोस त्यावरच ठरतो.