आसरे गेले, स्ट्रेचर उरले

६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. डिसेंबरात कोलकात्याची पाळी आली. पुण्यावर आकाशातून काहीच पडले नाही. इथला गाजलेला स्फोट झाला तो २४ जानेवारी १९४३ला, लष्कर भागातल्या कॅपिटॉल थिएटरात, आणि बॉम्ब ठेवणारे होते भूमिगत क्रांतिकारक!

लंडनमध्ये मात्र १९४०पासून भर रस्त्यात आसरे उभे राहिले: विटांच्या भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब, आत पन्नासेक माणसे. काहींच्या बांधकामात नुसता चुना आणि वाळू, सिमेंटचा पत्ताच नाही. जवळपास बॉम्ब पडला की भिंती ढासळायच्या आणि स्लॅब आतल्यांवर यायचा. युद्ध संपल्यावर ते पाडून रस्ते मोकळे केले गेले.

परसातले पन्हाळी पत्र्याचे अँडरसन आसरे सरकारने भंगारासाठी परत मागितले. ज्यांना ते हवे होते, त्यांनी पैसे मोजून ठेवून घेतले आणि त्यांत बागेची अवजारे रचली.

जखमींना वाहून नेणारी पोलादी स्ट्रेचर दक्षिण लंडनच्या काही वसाहतींत कुंपण म्हणून अजून उभी आहेत. दांड्यांच्या टोकांजवळचा बाक पाहिला की ती चटकन ओळखू येतात. स्ट्रेचर जमिनीवर टेकल्यावरही दांड्याखाली हात जावा, म्हणून तो ठेवलेला असे.