सर टॉमसची भट्टी आणि खानखानानचे पाणी

राजधानी पाहावयास जावयाचे म्हणजे पश्चिमेस जावयाचे, टेम्स किंवा सीन नदीच्या काठी उभे राहून पूल मोजावयाचे आणि परतल्यावर ती हकीकत दिवाळी अंकास धाडावयाची, असा शिरस्ता आपल्या लेखकवर्गात इतका पक्का झाला आहे की, याच्या नेमक्या उलट दिशेने लंडन-पॅरिसची माणसे आपल्या मुलखातील एक राजधानी पाहून गेली आणि तिच्याविषयी चांगले-वाईट दोन्ही लिहून गेली, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सातपुड्यातल्या धूलकोटच्या माणसाला बुऱ्हाणपूर म्हणजे जिल्ह्याचे गाव. दाखला काढावा, केळीचा भाव विचारावा, लग्नाचा बस्ता बांधावा आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, याहून अधिक नाते त्या शहराशी ठेवण्याची त्याला गरज पडत नाही. परंतु याच शहरात एका इंग्रज वकिलाची बसावयास खुर्ची मागितली म्हणून कशी फजिती झाली, ते जाणून मग शनवारा दरवाज्यापासून किल्ल्यापर्यंत चालत गेले, तर नेहमीचाच रस्ता बराच निराळा वाटू लागतो.

शहराची पूर्वपीठिका थोडक्यात सांगून टाकतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस नासिरखान फारुकीने तापीच्या उत्तर तीरावर हे शहर वसविले आणि दौलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्यास दिले. पैलतीरावरचे जैनाबाद त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाचे. पुढे सुमारे दोनशे वर्षे खानदेशचे फारुकी येथून राज्य करीत होते. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती आला, खानदेशचा सुभा झाला आणि दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेल्या प्रत्येक शाहजाद्याचा मुक्काम येथे पडू लागला.

१६१५ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा खलिता जहांगीर बादशहास देण्यासाठी सुरतेहून अजमेरास निघालेला सर टॉमस रो येथे पोहोचला. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे, आणि हा गृहस्थ अभिमानी असला तरी पाहिलेले मात्र नीट टिपून ठेवणारा होता. कोतवाल निशाणे घेऊन सामोरा आला, वकिलास मोठ्या इतमामाने सराईत घेऊन गेला, आणि तेथे त्याच्या वाट्यास आल्या त्या भिंतीलगत विटांनी बांधलेल्या, वरून गोलाकार अशा चार खोल्या, ज्यांची तुलना त्याने पाव भाजावयाच्या भट्टीशी केली आहे. बिचाऱ्याने आपले तंबू ठोकले आणि त्यांतच निजला. पुढे येथील मुक्कामात तापानेही त्यास गाठले.

त्या वेळी सुभ्यावर शाहजादा परवेझ होता, निदान नावापुरता. कारण खरा कारभार मुघल सरदार खानखानान अब्दुर्रहीम याच्या हाती आहे, हे रोच्या नजरेतून सुटले नाही. दरबारात शिरताना कोतवालाने बजावले की, उघड्या मस्तकाने भुईस डोके टेकावयास हवे. रोने उत्तर दिले की, मी सन्मानाने भेटीस आलो आहे, चाकरांचा रिवाज मला लागू नाही. शाहजादा उंच सज्जात छताखाली बसलेला, खाली कठड्याच्या आत उमराव हात बांधून उभे. रोने वर येण्याची परवानगी मागितली. उत्तर मिळाले की, इराणचा शहा किंवा तुर्कस्तानचा सुलतान आला तरी त्यालाही वर येता यावयाचे नाही. मग त्याने खुर्ची मागितली; येथे कोणी बसत नाही, असे सांगण्यात आले. अखेर मोठ्या मेहेरबानीने एका रुप्याने मढविलेल्या खांबास टेकून उभे राहण्याची सवलत मिळाली, आणि इंग्लंडच्या वकिलाने राजकारणाचे बोलणे खांबास पाठ लावून उरकले. येथे इंग्रजांची वखार घालण्याचे काम मात्र झाले. तसे फर्मान लिहून देण्याचा हुकूम सुटला. त्यानंतर खासगी भेट ठरली होती, परंतु नजराण्यात रोनेच दिलेल्या मद्याच्या बाटल्यांनी आपले काम आधीच करून ठेवले आणि शाहजादा भेटीच्या अवस्थेत राहिला नाही. या घराण्यास ही बाधा जुनी होती. परवेझाचा चुलता दानियाल दहा वर्षांपूर्वी याच शहरात दारूपायी मेला होता.

या शहराविषयी रोचे मत एका वाक्यात सांगता येण्याजोगे आहे: शाहजाद्याचे, खानखानानचे आणि आणखी थोड्यांचे वाडे सोडले तर सगळी घरे मातीची. मत खोटे नव्हे. पण ज्या लंडनहून हा गृहस्थ आला होता, ते शहर तरी त्या काळी मुख्यतः लाकडाचेच होते, इतके की अर्धशतकानंतर, १६६६ मध्ये, त्याचा मोठा भाग चार दिवसांत जळून खाक झाला. घराच्या भिंती पाहून राजधानीची प्रत ठरवावयाची, तर दोन्ही शहरांना फार गुण देता येणार नाहीत.

माझ्या मते या दोन शहरांची तुलना भिंतींवरून न करता पाण्यावरून करावी, आणि योगायोग असा की, ती करण्यास १६१५ च्या आसपासचाच काळ सोयीचा पडतो. रो इकडे येण्यापूर्वी दोनच वर्षे, १६१३ च्या सप्टेंबरात, ह्यू मिडलटन नावाच्या एका सोनाराने हर्टफर्डशरच्या झऱ्यांचे पाणी उघड्या कालव्याने लंडनच्या वेशीपर्यंत आणून सोडले आणि तेथून एल्म वृक्षाच्या पोखरलेल्या खोडांच्या नळांतून ते घरोघर वाटले. तेच काम बुऱ्हाणपुरात खानखानानच्या अमलात झाले, पण भूमीच्या पोटात. सातपुड्यावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि उताराने आतल्या आत तापीकडे सरकतो. इराणी पद्धतीच्या जाणकारांनी हा प्रवाह डोंगराच्या पायथ्याशीच अडविला, भंडाऱ्यांत साठविला, आणि एकास एक जोडलेल्या शंभराहून अधिक कुंड्यांतून, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या कूपांतून, बोगद्याने शहराकडे वळविला. ना मोट, ना रहाट, केवळ उतार. जाळी करंज नावाच्या जागी पाणी एकत्र येई आणि तेथून मातीच्या नळांनी पेठांत, सराईत, हमामखान्यात खेळे. शत्रूने वेढा घातला तरी जे पाणी दिसतच नाही त्यात विष कालवणे कठीण, हा फायदाही त्या लष्करी ठाण्यात लहान नव्हता.

या व्यवस्थेतल्या कुंडी भंडाऱ्याच्या सुमारे ऐंशी फूट खोल कुंडीत उतरण्यासाठी आता पाळणा बसविला आहे. खाली वैशाखातही अंगावर शहारा येतो. बोगद्याच्या भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर इतके साचले आहेत की, मूळचे खोदकाम कोठे संपते आणि पाण्याची कारागिरी कोठे सुरू होते, हे बोट फिरवूनही उमगत नाही. पायाखालून पाणी मुकाट्याने वाहत असते. २०२४ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. रोची नजर भिंतींपाशीच थांबली खरी, पण दरबारी पाहुण्याला कोतवाल जे दाखवील ते दिसते, आणि कोणताही कोतवाल पाहुण्यास गटार किंवा नळ दाखवावयास नेत नाही. तेव्हा रोला दोष देण्यात अर्थ नाही.

रोनंतर पंधरा वर्षांनी, १६३० च्या अखेरीस, इंग्रज प्रवासी पीटर मंडी सुरतेहून आग्र्यास जाताना याच वाटेने गेला. तो दख्खनच्या महादुष्काळाचा काळ. वाटेत त्याने जे पाहिले ते येथे उतरवून काढण्याची माझी इच्छा नाही. शहाजहान स्वतः बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. दरबारी बखरकार सांगतो की, दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस आठवडे येथे दानधर्म झाला, म्हणजे एकूण एक लक्ष. मोहिमेच्या खर्चाशेजारी हा आकडा ठेवला म्हणजे त्याची उंची कळते. याच मुक्कामात १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल बाळंतपणात वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते दफन केले आणि डिसेंबरात शव आग्र्यास नेले. त्यापुढची कथा आग्र्याची आहे आणि तिला श्रोत्यांची वाण नाही.

दहा वर्षांनी फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये आला. त्यास शहर पडझडीचे, गवताने शाकारलेल्या घरांचे दिसले. ही पडझड त्या दुष्काळाची असावी, असा माझा तर्क आहे. परंतु तो व्यापारी, म्हणून त्याची नजर भिंतींवर न थांबता दुकानात शिरली: येथील तलम, आरपार दिसणारे, सोन्यारुप्याच्या जरीचे कापड इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते, हे त्याने लिहून ठेवले. माग आजही आहेत, पण विजेचे. त्यांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही.

मराठी वाचकास या शहराची ओळख मात्र वेगळ्या दाराने आहे. पुरंदरचा तह घडविणारा मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये दख्खनेतून परतताना येथेच वारला, त्याची छत्री तापी आणि मोहना यांच्या संगमापाशी आहे. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बहादुरपुरा आणि इतर पुरे लुटले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब येथे येऊन ठेपला तो पुन्हा उत्तरेस गेला नाही. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर बुऱ्हाणपूर व असीरगड पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले; १८१९ च्या एप्रिलात असीरगडचा किल्लेदार यशवंतराव लाड याने गड सोडला, तेव्हा शेवटचे मराठा युद्ध खऱ्या अर्थाने संपले.

धूलकोटहून एका दिवसात हे सर्व पाहावयाचे असेल, तर सकाळी आधी कुंडी भंडारा करावा, कारण उन्हे चढल्यावर पाळण्याशी गर्दी होते. मग जामा मशीद. फारुकी आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरला आहे, विक्रम संवत, शके, तिथी, नक्षत्र अशा पंचांगासह. दुपारी शाही किल्ल्यातील हमामखाना पाहावा, छतावरची रंगवलेली नक्षी मान वर करून बघण्यासारखी आहे. जैनाबादसाठी तापी ओलांडावी लागते, म्हणून ते शेवटी ठेवावे. परतताना मावा जिलबी घ्यावी. ती जाड, काळपट तपकिरी असते आणि गरम असेपर्यंतच तिची चव, म्हणून घरच्यांसाठी बांधून घेण्याऐवजी दराबा हा गोड पदार्थ न्यावा, तो टिकतो.