करवतीने घातलेली कोडी

हाताने कापलेले जिगसॉ कोडे म्हणजे पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडवर चिकटवलेले आणि बारीक पात्याच्या करवतीने एकेक तुकडा करत कापलेले चित्र. पुठ्ठ्याच्या कोड्यात पोलादी धारांचा साचा एका दाबात शेकडो तुकडे पाडतो आणि बहुतेकांचा आकार ठरावीक असतो: कुठे कान, कुठे खाच. लाकडी कोड्यातले प्रत्येक वळण मात्र कुणीतरी हात थांबवून, विचार करून घेतलेले असते. म्हणून इथे जुळवणाऱ्याचा खरा प्रतिस्पर्धी कापणारा असतो आणि चित्र हे दोघांमधले निमित्त. सोडवण्याची गोडी, संग्राहकांची धडपड आणि डोळे विस्फारायला लावणाऱ्या किमती या सगळ्यांचे मूळ इथेच आहे.

सुरुवात झाली ती भूगोलाच्या अभ्यासातून. लंडनमधला नकाशे कोरणारा कारागीर जॉन स्पिल्सबरी याने १७६०च्या दशकात पातळ फळीवर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवरून कापून विकायला काढले. त्याचा युरोपचा नकाशा १७६६ सालचा. जग, चार खंड आणि ब्रिटिश बेटांतले देश असे आठ विषय त्याने केले आणि १७६९मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, तो वारला. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांना सांभाळणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांनीही असे नकाशे शिकवण्यासाठी वापरले. पुढे ते सुखवस्तू घरांत इतके रुळले की जेन ऑस्टिनच्या १८१४च्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’मध्ये गरीब घरातून आलेल्या फॅनीला युरोपचा नकाशा जुळवता येत नाही, म्हणून तिच्या मावसबहिणी तिला अडाणी ठरवतात. मराठी घरांत मुलांना राज्ये शिकवण्यासाठी आणला जाणारा तुकड्यांचा भारत याच कुळातला.

मोठ्यांना या कोड्यांचे वेड लागले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. १९०८च्या सुमारास अमेरिकेत पाचशे तुकड्यांचे लाकडी कोडे पाच डॉलरला मिळे, तेव्हा सामान्य कामगाराची महिन्याची कमाई पन्नास डॉलरच्या आसपास होती. तरीही मागणी एवढी वाढली की पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने १९०९मध्ये इतर खेळ बाजूला ठेवून सगळा कारखाना ‘पास्टाइम’ या कोड्यांच्या कामाला लावला. कापणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. पायाने चालणाऱ्या शिलाई यंत्राची सवय असलेल्या हातांना पायाने चालणारी करवत लवकर वश झाली. पक्षी, किटली, तारा अशा ओळखू येणाऱ्या आकारांचे तुकडे कोड्यात पेरण्याची रीत ‘पास्टाइम’मुळे सर्वदूर पोचली. त्या स्त्रियांपैकी फारच थोड्यांची नावे आज कुणाला माहीत आहेत, ही या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव.

मंदीच्या काळात चित्र पालटले. १९३२-३३मध्ये पुठ्ठ्याची साप्ताहिक कोडी पंचवीस सेंटला वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर मिळू लागली आणि १९३३च्या सुरुवातीला अमेरिकेतला खप आठवड्याला एक कोटीपर्यंत गेला. लाकडी कोडी औषधांच्या दुकानांतून आणि वाचनालयांतून रात्रीपुरती भाड्याने मिळत. नोकरी गेलेले सुतार, कारागीर, आर्किटेक्ट घरच्या करवतीवर कोडी कापून चार पैसे मिळवत. न्यूयॉर्कमधले फ्रँक वेअर आणि जॉन हेन्रिक्स हे असेच दोन बेकार तरुण. १९३२मध्ये त्यांनी जेवणाच्या टेबलावर पहिले कोडे कापले आणि त्यातून ‘पार’ ही कंपनी उभी राहिली. बाकीचे भाव पाडत असताना या दोघांनी काम अधिक अवघड केले आणि किंमतही वाढवली. प्रत्येक कोड्यावर ते सोडवण्याची अपेक्षित वेळ लिहिलेली असे, आणि ती गाठताना भल्याभल्यांची दमछाक होई. ड्यूक आणि डचेस ऑफ विंडसर त्यांच्या ग्राहकांत होते.

जाणूनबुजून दिलेला त्रास ही ‘पार’ने रूढ केलेली कला. तिचे डावपेच समजून घेण्यासारखे आहेत. पहिला डाव रंगाच्या रेषेवरून कापण्याचा. निळे आकाश आणि लाल छप्पर जिथे भेटतात, नेमके तिथूनच करवत फिरवली, तर एका तुकड्यात निळेच उरते आणि दुसऱ्यात लालच. ते शेजारी आहेत याचा पुरावाच नाहीसा होतो. दुसरा डाव कडांचा. सरळ कडा शोधून चौकट आधी लावायची, हा प्रत्येकाचा पहिला धडा. तो निकामी करण्यासाठी बाहेरची कड वेडीवाकडी कापतात, खरा कोपरा दोन तुकड्यांत फोडतात आणि चित्राच्या मध्यभागी काटकोन असलेला खोटा कोपरा ठेवतात. कधी पोटात मुद्दाम मोकळी भोके सोडतात, म्हणजे तुकडा हरवलाय की जागाच रिकामी आहे, हे कळत नाही. तुकडे एकमेकांत न अडकता नुसते टेकून बसत असतील तर आणखी कठीण, कारण बरोबर बसला याची खूण हाताला मिळत नाही आणि एका कोपराच्या धक्क्याने तासाभराचे काम विस्कटते. डब्यावर चित्र नसतेच. असते ते फक्त शीर्षक, आणि तेही शब्दांचा खेळ करून दिशाभूल करणारे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरी वाढली आणि पुठ्ठ्याने बाजार व्यापला. पार्करने १९५८मध्ये ‘पास्टाइम’ बंद केले, १९७४पर्यंत ‘पार’ही थांबली. त्याच वर्षी व्हरमाँटमध्ये स्टीव्ह रिचर्डसन आणि डेव्ह टिबेट्स यांनी ‘स्टेव्ह’ सुरू केली आणि ही परंपरा तुटता तुटता वाचली. तयार चित्र विकत घेऊन कापण्याऐवजी त्यांनी कापणी डोळ्यांपुढे ठेवून चित्रे काढवून घेतली. चुकीच्या अनेक जागी चपखल बसणारे, पण एकाच रचनेत पूर्ण होणारे तुकडे ही त्यांची खासियत. १९८९च्या एप्रिल फूलला त्यांनी पाच तुकड्यांचे एक कोडे विकले, ज्याला उत्तरच नव्हते. ग्राहकांना नंतर पैसे परत दिले गेले. थट्टा म्हणून ती चालून गेली, पण कापणाऱ्याने पाळायची एक मर्यादा आहे आणि ती तिथे ओलांडली गेली. उत्तर अवघड असावे, पण असावे.

कापणारा आणि जुळवणारा यांच्या नात्याचा सर्वांत खोल विचार एका कादंबरीत झाला आहे. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाच्या १९७८च्या ‘ला व्ही मोद दाँप्ल्वा’मध्ये बार्टलबूथ नावाचा श्रीमंत माणूस स्वतःच्या पाचशे जलरंगचित्रांची कोडी विंकलर या कारागिराकडून करून घेतो आणि ती जुळवण्यात आयुष्य घालवतो. अखेर शिल्लक जागा ‘एक्स’ आकाराची असते आणि मृत बार्टलबूथच्या हातातला तुकडा ‘डब्ल्यू’ आकाराचा.

हाताने कापलेली कोडी सोडवण्याचे तंत्रही वेगळे. रंगावर विसंबणारा लवकर अडतो. आकार लक्षात ठेवणारा पुढे जातो. अनुभवी लोक आधी पक्षी, किटली अशा ओळखू येणाऱ्या आकृतीचे तुकडे वेगळे काढतात, कारण त्यांच्याभोवतीचे तुकडे त्या आकृतीला साजेसे वाकलेले असतात. नंतर एका वळणाची लय शोधतात. प्रत्येक कापणाऱ्याच्या हाताला एक सवय असते आणि दोनशे तुकड्यांनंतर ती ओळखू येऊ लागते. मागच्या बाजूला लाकडाच्या रेषांची दिशा पाहणे काहींना चालते, काहींना ती लबाडी वाटते. बोटांनी वाचता येणारी रेषा हा कोड्याचाच भाग आहे, तेव्हा तिला लबाडी म्हणण्याचे कारण दिसत नाही.

संग्राहकाची पंचाईत अशी की चित्र नसलेल्या डब्यात काय आहे आणि किती आहे, हे जुळवल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे या छंदात जमवणे आणि सोडवणे वेगळे काढता येत नाही. तुकडे पूर्ण असणे ही पहिली कसोटी. मग डबा, त्यावरचे लेबल, कापणाऱ्याची खूण. ‘पार’चा प्रत्येक कोड्यात सापडणारा समुद्रघोडा किंवा ‘स्टेव्ह’चा विदूषक ही सहीच होय. झाकणाच्या आत जुन्या मालकांनी लिहून ठेवलेल्या तारखा आणि लागलेले तास यांनाही मोल आहे. हरवलेला तुकडा नव्याने बनवून देणारे कसबी लोक आहेत. त्यांनी मागे खूण करावी, नाहीतर दुरुस्ती आणि फसवणूक यांत फरक उरत नाही. अर्थशास्त्राच्या प्राध्यापक अ‍ॅन विल्यम्स यांनी १९९० आणि २००४मध्ये लिहिलेल्या पुस्तकांनी या विखुरलेल्या माहितीला इतिहासाचे रूप दिले. खिशाला न परवडणाऱ्यांसाठी इंग्लंडमध्ये १९३३पासून ‘ब्रिटिश जिगसॉ पझल लायब्ररी’ आहे. सभासदांना तिथून लाकडी कोडी पाळीपाळीने मिळतात, अर्थात चित्राशिवाय.

लेझरने कापणाऱ्या इंग्लंडमधल्या वेंटवर्थ आणि अमेरिकेतल्या लिबर्टी या कंपन्यांमुळे लाकडी कोडी पुन्हा घरोघर जात आहेत. त्यांची नक्षी सुंदर असते, किंमत हातकामाच्या मानाने बरीच कमी. पण एकच आराखडा हजार वेळा कापला जातो आणि कडा जळून काळ्या होतात. करवतीने कापलेले कोडे हुबेहूब पुन्हा होत नाही. नवख्याने लेझरपासून सुरुवात करायला हरकत नाही. हाताच्या कापणीची चव मात्र त्यात मिळणार नाही.

ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात चित्र नसलेला, लाकडी तुकड्यांचा असा एखादा डबा दिसला तर तो अपुरा समजून सोडू नये. घरी आणून पूर्ण जुळवावा, तुकडे मोजावेत, नसलेल्यांची संख्या आणि जुळवल्याची तारीख झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहावी आणि डबा पुढच्या हातात द्यावा.