'सोड' म्हटलं की गिळतो
जुलैतली संध्याकाळ. कोपऱ्यावरच्या शेगडीवर भुट्टे तडतडतायत आणि फुटपाथवर दाणे खाऊन फेकलेल्या कणसांचा सडा पडलाय. आमच्या खंड्यानं, चार महिन्यांच्या कुत्र्याच्या पिल्लानं, त्यातलं एक पटकावलं. मी 'सोड, सोड' ओरडत झेपावलो. त्यानं माझ्याकडे तिरकं पाहिलं, चावणं थांबवलं आणि सरळ गिळायला सुरुवात केली.

चूक माझीच. महिनाभर मी त्याच्या जबड्यात बोटं घालून चपला, काड्या हिसकावत होतो. सापडलेली चीज हातची जाणार, हे पिल्लाला एकदा कळलं की तिजोरी एकच उरते : पोट.

चावण्याचा राग धरण्यात अर्थ नाही. पिल्लाला हात नसतात, ते जग तोंडानंच चाचपतं. त्यात साधारण चौथ्या महिन्यापासून 28 दुधाचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 कायमचे दात येतात. हिरड्या शिवशिवत असतात.

कणीस दिसायला निरुपद्रवी. पण त्याचा गाभा नुसता चिवट तंतूंचा, कुत्र्याला न पचणारा. तुकडा लहान आतड्यात बुचासारखा बसतो आणि एक्स-रेत हाडासारखा लख्ख दिसतही नाही. उलट्या थांबेनात आणि अन्नाला तोंड लावेना, तर पशुवैद्याकडे न्यायला वेळ दवडू नये. बऱ्याचदा पोट उघडूनच तो काढावा लागतो.

संक्रांतीनंतरचा मांजा त्याहून वाईट. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं पुढे सरकत राहतं. नाडी ओढल्यावर परकराच्या चुण्या पडाव्यात तसं आतडं दोऱ्यावर गोळा होतं आणि दोरा त्याला करवतीसारखा कापतो. म्हणून टोक तोंडात दिसो की शेपटीखाली, ते ओढायचं नाही. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपायही नको. जास्तीचं मीठच कुत्र्याला विषासारखं बाधतं. धोके आणखीही आहेत. कुंपणाची कण्हेर हृदयाचे ठोके बिघडवते. झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगम कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन उसळवतं आणि रक्तातली साखर धाडकन उतरते.

मग करायचं काय? सौदा. घरात, साध्या खेळण्यावर सुरुवात करायची. नाकाशी उकडलेल्या चिकनचा तुकडा न्यायचा; तोंड उघडतंय तोच 'दे' म्हणायचं, तुकडा द्यायचा आणि खेळणं परत करायचं. हे परत करणंच लोक विसरतात. 'दिलं तरी बुडत नाही' हा हिशेब पिल्लाच्या डोक्यात त्यानंच बसतो. 'सोड' हा शब्द आमच्याकडे बाद झाला होता, त्याला झटापटीचा वास लागला होता. रस्त्यावर पट्टा आखूड धरायचा आणि तोंडात काही दिसलं की पाठलाग न करता चार-पाच तुकडे जमिनीवर टाकायचे. ते वेचायला तोंड रिकामं करावंच लागतं. फारच हावरं असेल तर जाळीचं मुसकं, मात्र घट्ट नव्हे. आत जीभ काढून धापा टाकता आल्या पाहिजेत.

खंड्याचं त्या दिवशी निभावलं. आता तो फाटकाशी खडा उचलतो, माझ्या पायाशी ठेवतो आणि खिशाकडे बघत बसतो.