पेटीवाल्याचा कान

पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांची ओळख विनोदी लेखक म्हणून करून दिली जाते आणि ते पेटीही छान वाजवत, हे मागाहून कौतुकाने सांगितले जाते. हा क्रम उलटा लावला तर त्यांचे लेखन अधिक नीट कळते.

पार्ल्यात वाढलेल्या पुलंना वाचनाचा वारसा आजोळकडून आला. आजोबा वामन मंगेश दुभाषी यांनी रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ ‘अभंग गीतांजली’ या नावाने मराठीत आणली होती. नातवाची बंगालीची ओढ मात्र बऱ्याच उशिरा फळाला आली. पन्नाशीच्या सुमारास, नावलौकिक मिळून चुकल्यावर, ते विद्यार्थ्यासारखे शांतिनिकेतनात जाऊन राहिले, बंगाली शिकले आणि त्यातून ‘वंगचित्रे’ हे पुस्तक झाले.

वाचनाच्या जोडीला पेटी होती, आणि पेटीची साथ हे मोठे अवघड काम. गायकाने घेतलेली जागा कानाने टिपायची आणि लगोलग बोटांतून काढायची. तो दम घ्यायला थांबला की पोकळी भरायची, तो निघाला की मागे सरायचे. साथीदाराने स्वतःची हुशारी दाखवायला सुरुवात केली की मैफल बिघडते. ‘व्यक्ती आणि वल्ली’मधला निवेदक नेमकी अशी साथ करतो. नारायण, हरितात्या, अंतू बर्वा पुढे बसून गातात. तो दोन प्रश्न विचारतो, थोडा चिडतो, पुन्हा गप्प होतो. या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कानाचा खरा कस लागतो तो ‘गणगोत’मधल्या ‘रावसाहेब’ या लेखात. पुलंनी काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापकी केली. बेळगावातल्या रावसाहेब या संगीतवेड्या माणसाची मराठी कानडी हेलाची. लिंग-वचनाचा पत्ता नाही, शिव्यांना तोटा नाही. नुसत्या चुका उतरवून काढल्या असत्या तर ती टवाळी झाली असती. पुलंनी चुकांबरोबर हेलही उतरवला, म्हणून हसता हसता माणसाचा मोठेपणा जाणवतो. याच्या अगदी उलट ‘व्यक्ती आणि वल्ली’तला सखाराम गटणे. तो अफाट वाचतो आणि छापील पुस्तकासारखा बोलतो. वाचन पोटात गेले पण कान बंद राहिले की काय होते, त्याचा हा नमुना. पुलंनी त्याची थट्टा केली, पण मायेने.

स्वतः पुलंचे वाचन नुसते साठून राहिले नाही. गोगोलच्या नाटकावरून ‘अंमलदार’, ब्रेख्तच्या नाटकावरून १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ आणि शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ आली. शॉचे नाटक मुळात उच्चारांवरच उभे असल्याने ते शब्दाला शब्द ठेवून मराठीत आलेच नसते. नायिका मंजुळेसाठी इथलीच बोली शोधावी लागली. हेमिंग्वेच्या कादंबरिकेचा ‘एका कोळियाने’ हा अनुवाद मात्र त्या मानाने थंड वाटतो. समुद्रावर म्हातारा कोळी एकटाच असतो आणि पुलंची प्रतिभा माणसांच्या वर्दळीत रंगणारी.

चित्रपटातही लेखणी आणि पेटी अशीच एकत्र आली. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) मध्ये लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका हे सारे पुलंचे होते. ग. दि. माडगूळकरांचे ‘इंद्रायणी काठी’ हे त्यातले गीत भीमसेन जोशींनी गायले; चित्रपट न पाहिलेल्यांनाही ते पाठ असते.

‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग आणि इतर अभिवाचने यांची ध्वनिमुद्रणे आज सहज मिळतात. नुसती पुस्तके वाचलेल्यांनी ती एकदा ऐकावीत आणि मग ‘रावसाहेब’ मोठ्याने वाचून पाहावा.