दुसऱ्या वाढदिवसाची मोजदाद

गर्भावस्थेचे सुमारे २७० आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३० असे मिळून होणारे १००० दिवस बालवैद्यकात विशेष महत्त्वाचे मानले जातात, कारण मेंदूची बांधणी या काळात जितक्या झपाट्याने होते तितकी पुढे कधीच होत नाही आणि या काळात खुंटलेली उंची नंतर भरून काढणे अवघड जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) छत्तीसगडमधील पाच वर्षांखालील ३४.६ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या ६७.२ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता, आढळली. त्यामुळे भिलाईसारख्या नियोजित पोलादनगरीतील खात्यापित्या घरांनीही दुसऱ्या वाढदिवसाला मुलाचे वजन आणि उंची मोजून घेणे अगत्याचे ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतील बालकांच्या अभ्यासावरून २००६ साली जी मानके प्रसिद्ध केली, त्यांनुसार दोन वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन १२.२ किलो आणि उंची ८७.१ सेंटिमीटर, तर मुलीचे वजन ११.५ किलो आणि उंची ८५.७ सेंटिमीटर असते. याच वयापासून बाळाला आडवे झोपवून मोजण्याऐवजी भिंतीशी उभे करून मोजले जाते आणि आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटरने जास्त भरत असल्यामुळे कार्डावरचा आकडा घटलेला दिसला तरी घाबरण्याचे कारण नसते. शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा त्याच मुलाच्या वाढीची रेषा वर चढते आहे की सपाट झाली आहे, हे पाहणे अधिक शहाणपणाचे असते.

पहिल्या वर्षी सुमारे २५ सेंटिमीटर वाढणारे बाळ दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मेच वाढते आणि त्या प्रमाणात त्याची भूकही मंदावते, म्हणून ‘हल्ली काही खातच नाही’ ही तक्रार बहुधा निसर्गक्रमाचीच असते. मात्र त्या काळजीपोटी दिवसभर दुधाच्या बाटल्या पाजल्या तर जेवणाला जागाच उरत नाही आणि दुधात लोह अत्यल्प असल्याने रक्तक्षय वाढतो. त्याऐवजी वरणभातात मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा पाला, लाल भाजी किंवा अंडे देणे हिताचे असते. छत्तीसगडमध्ये आणि विदर्भातही सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळत असल्याने, फिकट दिसणाऱ्या बालकाचे हात-पाय सुजून दुखू लागले तर त्या दृष्टीने रक्ततपासणी व्हायलाच हवी.

या वयाची सर्वांत मोठी झेप मात्र भाषेची असते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानंतर उभ्या राहिलेल्या भिलाई नगरीत देशाच्या अनेक भागांतून कुटुंबे आली, आणि येथील मराठी घरातले मूल आजीकडून मराठी, अंगणातून हिंदी आणि कामाच्या बाईकडून छत्तीसगढी एकाच वेळी ऐकते. ‘मोर’ हा शब्द त्याला आजीच्या तोंडी पक्षी म्हणून भेटतो आणि छत्तीसगढीत तोच ‘माझा’ या अर्थाने भेटतो. दोन वर्षांचे मूल साधारणपणे पन्नासएक शब्द बोलते आणि ‘बाबा गेले’, ‘दूध नको’ अशी दोन शब्दांची जोडणी करते, असा ठोकताळा आहे. तो लावताना सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजावे लागतात, आणि ‘आणखी’ या अर्थाचा छत्तीसगढी ‘अउ’ घेऊन मूल ‘अउ दूध’ म्हणाले तर तीही पूर्ण जोडणीच होय. मूल उशिरा बोलते म्हणून घरातील मराठी बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु तो चुकीचा आहे. अनेक भाषा ऐकल्याने भाषाविकार उद्भवत नाही, आजीचे बोलणे थांबले तर मात्र मुलाच्या कानावर पडणारे जिव्हाळ्याचे शब्दच कमी होतात. मोबाइलवरील बडबडगीते ती जागा घेऊ शकत नाहीत, कारण मुलाच्या बोबड्या उच्चाराला पडदा प्रत्युत्तर देत नाही.

‘तीन भाषा आहेत, बोलेल हळूहळू’ असे म्हणत वाट पाहत बसणे मात्र तितकेच घातक आहे. भिलाईच्या मैत्रीबाग या प्राणिसंग्रहालयात पांढरा वाघ दिसताच मूल बोट दाखवते आणि लगेच वळून आईही पाहते आहे ना, याची खात्री करून घेते; या सामायिक अवधानात, म्हणजे एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून लक्ष देण्यात, भाषेचा पाया असतो. असे बोट दाखवणे दिसत नसेल, हाकेला ओ मिळत नसेल, आलेले शब्द हरवत असतील किंवा दोन वर्षे पूर्ण होऊनही दोन शब्द जुळत नसतील, तर पालकांनी पहिल्यांदा मुलाची श्रवणचाचणी करून घ्यावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऐकण्यातील दोष आणि भाषाविकासातील विलंब यांची तपासणी व उपचार विनामूल्य होतात, आणि त्यासाठीची पहिली विचारपूस जवळच्या अंगणवाडीतच करता येते.